केरॅटोकोनस आणि मर्यादित साधनांतील लेन्स-जुळणी : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
पारपटल, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक आवरण, पातळ होत जाऊन शंकूप्रमाणे पुढे येते, या विकारास केरॅटोकोनस म्हणतात. तो बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो व पुढे काही वर्षे वाढत राहतो. म्हणजे नेमका महाविद्यालयीन काळ. वारंवार चष्मा बदलूनही ज्याला फळ्यावरील अक्षरे दुहेरी दिसतात, असा विद्यार्थी ‘अभ्यासात कच्चा’ ठरण्यापूर्वी त्याची नेत्रतपासणी होणे अगत्याचे आहे.

विदर्भात हा विकार दुर्मीळ मानता येत नाही. नागपूरनजीकच्या खेड्यांतील तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीत (निष्कर्ष २००९) सुमारे २.३ टक्के लोकांच्या पारपटलाची शक्ती ४८ डायॉप्टरहून अधिक आढळली. पारपटलाचा नकाशा न काढता लावलेला हा निकष ढोबळच होय. तरीही त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

लेन्सची जुळणी :
चष्म्याची काच ओबडधोबड पृष्ठभागाची भरपाई करू शकत नाही. कडक, वायुपारगम्य लेन्सखाली मात्र अश्रूंचा थर साचतो, खाचखळगे भरतो आणि प्रकाशास गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीमसारख्या जिल्ह्यात टोपोग्राफी यंत्राअभावी जुळणी अशक्य समजणे योग्य नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. केरॅटोमीटर, स्लिट लॅम्प, फ्लुरेसीनच्या पट्ट्या व चाचणी-लेन्सचा संच एवढ्यावर काम सुरू करता येते. केरॅटोमीटरची मर्यादा सुमारे ५२ डायॉप्टर असते, त्यापुढे +१.२५ चे भिंग लावल्यास ती साठच्या आसपास जाते. समजा, मापे ४८ व ५२ आली. सरासरी ५०, ३३७.५ ला ५० ने भागल्यास ६.७५ मि.मी. त्रिज्या मिळते. ती केवळ पहिली चाचणी-लेन्स; खरा निर्णय निळ्या प्रकाशात होतो. लेन्स बसण्यास वीसेक मिनिटे देऊन पाहावे. शंकूच्या टोकाशी गडद डाग दिसल्यास लेन्स सपाट आहे. मध्यभागी हिरवे तळे वा बुडबुडे दिसल्यास ती अधिक वक्र आहे. टोकाला निसटता स्पर्श, मध्य-परिघावर आधार आणि कडेला हिरवी पट्टी ही इष्ट स्थिती. त्यानंतरच लेन्सवरून नंबर काढावा.

प्रत्येक चाचणीची त्रिज्या, व्यास व रंगाचे रेखाचित्र नोंदवून ठेवावे, कारण रिसोड वा मानोऱ्याहून येणाऱ्या कुटुंबास लेन्सच्या किमतीइतकीच फेऱ्यांची व बुडालेल्या मजुरीची झळ लागते.

लेन्स विहिरीच्या वा नळाच्या पाण्याने कधीही धुवू नये. अकँथामीबाच्या संसर्गाने डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. तसेच लेन्स दृष्टी सुधारते, विकार थांबवीत नाही. त्याची वाढ दिसल्यास रुग्णास क्रॉस-लिंकिंगसाठी मोठ्या केंद्राकडे विनाविलंब पाठवावे आणि डोळे चोळण्याची सवय त्याच दिवसापासून सोडण्यास सांगावे.