मोठी दुकाने आणि परिसरातील रोजगार

तालुक्याच्या गावी मोठे साखळी दुकान येणार म्हटले की, किती मुलांना नोकऱ्या मिळणार याचीच चर्चा आधी सुरू होते. नोकऱ्या मिळतात हे खरे. परंतु पिकाचा हिशेब मांडताना आपण उत्पन्नातून खर्च वजा करतो. तसाच येथेही बंद पडणाऱ्या दुकानांतील रोजगार वजा करावयास हवा.

अमेरिकेतील आयोवा हे मका व सोयाबीन पिकविणारे राज्य आहे. तेथील आयोवा स्टेट विद्यापीठाच्या विस्तार विभागातील अर्थशास्त्रज्ञ केनेथ स्टोन यांनी वॉलमार्टच्या दुकानांचा लहान गावांवरील परिणाम अनेक वर्षे तपासला. १९८३ ते १९९३ या काळात राज्यातील ५५५ किराणा व २९८ हार्डवेअरची दुकाने कमी झाल्याचे त्यांनी नोंदविले. अर्थात त्याच दशकात तेथील शेतकरी कर्जाने बेजार झाले होते, त्यामुळे सारा दोष एकट्या वॉलमार्टवर टाकणे बरोबर नाही. ज्या गावात वॉलमार्ट आले तेथील खाणावळींची व फर्निचरच्या दुकानांची विक्री वाढली. मोठा फटका बसला तो आसपासच्या लहान गावांना. नोकऱ्या दिसतात एका गावात आणि जातात दुसऱ्या गावातून, म्हणून गेलेल्या कोणी मोजत नाही.

नेमका आकडा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. एमेक बास्कर यांच्या २००५ च्या अभ्यासानुसार, वॉलमार्ट आल्यावर त्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, किरकोळ व्यापारात पहिल्या वर्षी सुमारे १०० नोकऱ्या वाढतात. पाच वर्षांत त्यातील निम्म्या उरतात. घाऊक व्यापारातील सुमारे २० नोकऱ्या जातात, कारण कंपनी कारखान्याकडून थेट माल उचलते. डेव्हिड न्यूमार्क व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मात्र उलट चित्र मांडले: वॉलमार्टमधील प्रत्येक नोकरीमागे इतर दुकानांतील सुमारे १.४ नोकऱ्या जातात.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करू नयेत. आपल्या किराणा दुकानात मालक, त्याची पत्नी व मुलगा राबतात. त्यांना पगार नाही आणि हजेरीपटही नाही. असे दुकान बसले तर नोकरी गेल्याची नोंद कोठेच होत नाही.

शेतमालाचेही तसेच. कंपनीने बांधावरून भाजीपाला घेतला तर संकलन केंद्रावर निवड, प्रतवारी व पॅकिंगची कामे निघतात. त्याच वेळी बाजार समितीतील हमाल व मापाडी यांचे काम घटते. हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याचे संरक्षण आहे. नव्या केंद्रावरील मजूर बहुधा ठेकेदारामार्फत येतो. तेव्हा रोजगार किती याबरोबरच तो कोणत्या अटींवर, हेही विचारावे.

स्टोन यांचा लहान दुकानदारांना सल्ला होता की, मोठे दुकान विकते तोच माल विकण्याच्या फंदात पडू नका. तेथे न मिळणारा माल ठेवा आणि सेवा सुधारा. आपल्या गावातील कृषि सेवा केंद्राने पंपाची दुरुस्ती, सुटे भाग व हंगामापर्यंत उधारी दिली, तर गिऱ्हाईक सहसा तालुक्याला जात नाही.