लेखासंस्थेतील आभासी कार्यानुभव : स्वरूप व मर्यादा

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी घरबसल्या एखाद्या लेखासंस्थेचे काम केल्याचे प्रमाणपत्र आणतो, तेव्हा त्याने नेमके काय केलेले असते, हा प्रश्न श्रेयांक देणाऱ्या अध्यापकापुढे उभा राहतो. केपीएमजी या संस्थेच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने ‘फोरेज’ या संकेतस्थळावर राबविलेला कार्यक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात सायकली विकणाऱ्या एका काल्पनिक कंपनीची ग्राहक व विक्री यांविषयीची माहिती विद्यार्थ्याच्या हाती दिली जाई. ती सदोष होती. एका ग्राहकाचे जन्मवर्ष चक्क १८४३. एकाच राज्याचे नाव कोठे पूर्ण, कोठे संक्षिप्त. असे दोष हुडकून कंपनीला पत्राने कळविणे, हे पहिले काम. पुढे १००० नव्या ग्राहकांतून कोणाकडे लक्ष द्यावे, हे ठरवावयाचे होते.

यांत पत्रलेखन सर्वांत मोलाचे वाटते. चूक सापडणे आणि ती समोरच्याला न दुखावता, पुराव्यासह सांगणे या भिन्न गोष्टी होत. आपल्या प्रश्नपत्रिका बहुधा पहिलीचीच परीक्षा घेतात.

मात्र काम सादर होताच समोर येते ते नमुना उत्तर. पत्र वाचून परत पाठविणारा वरिष्ठ तेथे नसतो. मूळ पावती मागणे, टाळाटाळ करणाऱ्या रोखपालाला पुन्हा विचारणे, हेही घडत नाही. सनदी लेखापाल अभ्यासक्रमातील आर्टिकलशिपचा कालावधी २०२३ मध्ये तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला, तरी लेखापालाच्या हाताखाली काम करणे अनिवार्यच राहिले.

म्हणून श्रेयांकापूर्वी विद्यार्थ्याचे पत्र व नमुना उत्तर शेजारी ठेवून तोंडी परीक्षा घ्यावी. १८४३ ही नोंद चुकीची आहे, हे कोणीही सांगेल. तिच्या जागी काय लिहावे आणि ते कोणाला विचारून, हे त्याला विचारावे.