विश्लेषण : होमस्टेच्या वाय-फायवर पाहुण्याने चित्रपट उतरवला, नोटीस कोणाला?

तारकर्ली, देवबाग, मालवण परिसरात आता खोलीसोबत मासळीचे जेवण आणि ‘फ्री वाय-फाय’ दोन्ही गृहीत धरले जाते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर किनाऱ्यावरच्या अनेक घरांत पर्यटकांसाठी खोल्या निघाल्या. इंटरनेटची जोडणी मात्र घरमालकाच्या नावावर असते. चार दिवस राहून गेलेल्या पाहुण्याने ‘टोरंट’वरून नवा चित्रपट उतरवला आणि इंटरनेट पुरवठादाराकडून ‘तुमच्या जोडणीवरून स्वामित्वहक्काचा भंग झाला आहे’ असा ई-मेल आला, तर जबाबदार कोण? त्या ई-मेलचे करायचे काय?

पुरवठादाराला कसे कळते?

टोरंटमध्ये चित्रपट एका ठिकाणाहून येत नाही. तो उतरवणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावरून त्याचे तुकडे त्याच वेळी इतरांनाही पाठवले जातात. म्हणजे चित्रपट ‘घेणारा’ नकळत ‘वाटणारा’ही होतो. चित्रपट कंपन्यांनी नेमलेल्या संस्था याच साखळीत शिरून कोणत्या आयपी पत्त्यावरून किती वाजता वाटप झाले, याची नोंद करतात. तो पत्ता ज्या पुरवठादाराचा, त्याला तक्रार जाते. भारतात अशी तक्रार ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचे बंधन स्वामित्वहक्क कायदा पुरवठादारावर घालत नाही, पण पुरवठादार ती पुढे पाठवू शकतो. दूरसंचार परवान्यातील डिसेंबर २०२१ च्या बदलानुसार इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. त्यामुळे न्यायालयाने वा पोलिसांनी मागितल्यास जोडणी कोणाची हे शोधता येते.

आयपी पत्ता म्हणजे आरोपी का?

नाही. आयपी पत्ता जोडणी दाखवतो, माणूस नाही. याचे गंभीर उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमधील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या जोडणीपर्यंत पोहोचला. त्याचे वाय-फाय उघडे होते आणि दुसऱ्याच कोणी त्याचा वापर केल्याचे तपासात पुढे आले. त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही, पण तोवर चौकशीचा फेरा त्याच्यामागे लागला होता. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या. होमस्टेमालकासाठी यातला धडा साधा आहे: पत्त्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही, पण पहिला प्रश्न जोडणीच्या मालकालाच विचारला जातो.

चित्रपट नुसता पाहिला तरी तुरुंग?

हा गैरसमज २०१६ मध्ये पसरला. बंद केलेली संकेतस्थळे उघडताच तेव्हा पडद्यावर एक इशारा दिसू लागला. बेकायदा प्रत पाहणे, उतरवणे वा तिची नक्कल करणे हा गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, असे त्यात म्हटले होते. ‘डिशूम’ चित्रपटाच्या निर्मात्यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौतम पटेल यांनी त्यातील ‘पाहणे’ या शब्दावर बोट ठेवले. गुन्हा पाहण्यात नसून परवानगीशिवाय हक्कधारकाला बाधक ठरेल असे वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देण्यात आहे, असे स्पष्ट करत त्यांनी संदेश सुधारण्यास सांगितले.

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ६३ नुसार ‘जाणूनबुजून’ भंग करणे किंवा त्यास साथ देणे यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. भंग व्यापारी लाभासाठी नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून कमी शिक्षा देऊ शकते. मात्र हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. म्हणून विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

नोटीस आल्याने नेमके काय बदलते?

पुरवठादाराचा ई-मेल म्हणजे समन्स नव्हे, निकालही नव्हे. त्यात सांगितलेला ‘दंड’ कोणत्याही न्यायालयाने ठोठावलेला नसतो. पण त्यानंतर ‘मला काही माहीतच नव्हते’ हे म्हणणे दुबळे होते. कायद्यातील ‘जाणूनबुजून’ या शब्दाचे वजन इथे लक्षात येते. पहिल्या नोटिशीनंतरही त्याच वाय-फायवर तेच चालू राहिले, तर मालकाला हात झटकणे अवघड जाईल. अंगणात पडदा लावून पाहुण्यांना उतरवलेला चित्रपट दाखवणाऱ्यांचा प्रश्न तर त्याहून वेगळा आहे. नफ्यासाठी आपली जागा अशा प्रदर्शनाला देणे हाच कलम ५१ नुसार भंग ठरतो. त्यातून सुटायचे, तर आपल्याला कल्पना नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते, हे दाखवावे लागते.

पहिल्या दिवशी काय करावे?

आधी ई-मेल खरा आहे का ते पाहावे. त्यातील दुव्यावर न जाता पुरवठादाराच्या बिलावरील क्रमांकावर फोन करून विचारावे. ‘आजच ऑनलाइन पैसे भरा, नाहीतर अटक’ अशी भाषा असेल, तर ती फसवणूक समजावी आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

ई-मेल खरा असेल, तर त्यातील चित्रपटाचे नाव, आयपी पत्ता, तारीख आणि वेळ लिहून घ्यावी. वेळ बहुधा ‘यूटीसी’मध्ये असते. भारतीय वेळेसाठी तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. नोटिशीत २० तारखेचे १८:४० लिहिले असेल, तर आपल्याकडे २१ तारखेची मध्यरात्र उलटून दहा मिनिटे झालेली असतात. पाहुणे बदलण्याच्या दिवशी हा फरक महत्त्वाचा ठरतो. त्यानंतर पाहुण्यांची नोंदवही पाहावी आणि ते पान जपून ठेवावे. घरातल्याच कोणाच्या संगणकावर टोरंट चालू असेल, तर ते लगेच थांबवावे.

उत्तर द्यावे का?

पुरवठादाराला दोन ओळींचे लेखी उत्तर पुरेसे असते: नोटीस मिळाली, जोडणी पर्यटकांसाठीही वापरली जाते, पासवर्ड बदलला आहे. न केलेल्या गोष्टीची कबुली देऊ नये आणि खोटेही लिहू नये. हक्कधारकाच्या वकिलाकडून थेट नोटीस आली किंवा नुकसानभरपाई मागितली, तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये, पैसेही देऊ नयेत. पात्र व्यक्तींना विधि सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

न्यायालयाचे समन्स आल्यास ते कधीही बाजूला ठेवू नये. कलम ६२ मुळे हक्कधारकाला स्वतःच्या वास्तव्याच्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणीही दावा लावण्याची वाट मिळते. त्यामुळे मालवणच्या माणसाला ओरोसऐवजी मुंबईची वारी करावी लागू शकते. दुसऱ्या बाजूने, निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध कलम ६० नुसार दिवाणी दावा करून मनाई हुकूम आणि भरपाई मागता येते.

परदेशी शिकणाऱ्या मुलांचे काय?

इथली सवय घेऊन बाहेर गेलेल्या मुलांना वेगळाच अनुभव येतो. जर्मनीत वकिलाचे पत्र थेट घरी येते आणि त्यात पैशांसोबत हमीपत्रही मागितलेले असते. ते दुर्लक्षिले तर खर्च वाढतो आणि जसेच्या तसे सही केले तर माणूस दीर्घकाळ बांधला जातो. म्हणून मुदतीच्या आत सल्ला घ्यावा लागतो. कॅनडात २०१५ पासून पुरवठादाराला नोटीस ग्राहकाकडे पाठवावीच लागते, पण २०१८ च्या दुरुस्तीनुसार तिच्यात तडजोडीची रक्कम मागता येत नाही.

पुन्हा नोटीस येऊ नये म्हणून...

पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करता येते. त्याचा पासवर्ड दर मुक्कामाला बदलावा आणि तो फळ्यावर लिहून ठेवण्याऐवजी नोंदवहीत सही घेताना द्यावा. अनेक राउटरमध्ये टोरंट रोखण्याची सोयही असते. ती जोडणी देणाऱ्याकडून सुरू करून घ्यावी. नोंदवहीच्या पानावर ‘या वाय-फायवरून बेकायदा चित्रपट उतरवू नयेत’ ही एक ओळ छापलेली असली, तर उद्या प्रश्न आलाच तेव्हा मालकाने काळजी घेतली होती, याचा तोच पहिला पुरावा ठरेल.