सिंहगडाचा कडा टेबलावर

दिवाळीत अंगणात किल्ला करण्याची हौस आपल्याकडे घरोघर असते. विटा, दगड, जुनी पोती, त्यावर चिखलाचा लेप, हिरवळीसाठी पेरलेले अळीव आणि शेवटी बाजारातून आणलेली मातीची चित्रे. यातला मावळा किल्ल्याच्या दरवाजात मावत नाही, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. अंगणात ते खटकत नाही. पण शाळेच्या प्रदर्शनात ‘सिंहगडची लढाई, ४ फेब्रुवारी १६७०’ अशी पाटी लावून हेच मांडले, तर त्या लढाईत अवघड काय होते ते बघणाऱ्याला कळतच नाही. आमच्या पहिल्या देखाव्यापाशी एका मुलीने विचारले होते, ‘सर, एवढ्याशा कड्यावर चढायला दोर कशाला?’ तिचे बरोबरच होते. आमचा कडा मावळ्याच्या जेमतेम तिप्पट होता!

तेव्हा आधी प्रमाण ठरवू या. लष्करी देखावे करणारे हौशी लोक जगभर १ : ७२ हे प्रमाण पुष्कळ वापरतात. सहा फुटांचा माणूस एक इंचाचा, असा त्याचा सोपा अर्थ. साडेपाच फुटी मावळा २.३ सेंटिमीटरचा होतो. सिंहगड पायथ्यापासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. त्याला ७२ ने भागले तर १० मीटरहून अधिक, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा गड करावा लागेल. म्हणून अख्खा गड करायचाच नाही. पश्चिमेकडच्या डोणागिरीच्या कड्याचा एक तुकडा घ्यायचा. ५० सेंटिमीटर उंचीत ३६ मीटर कडा बसतो, आणि त्यावर चिकटलेला इंचभराचा माणूस पाहिला की दोर कशाला हे कोणी विचारत नाही.

कडा करताना सह्याद्री कसा झाला ते आठवावे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ झिजले, कठीण कड्यासारखे उभे राहिले. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. आपणही तसेच करावे. किराणा दुकानातली पुठ्ठ्याची खोकी फाडून तुकडे आडवे रचावेत, कडा कात्रीने न कापता हाताने तोडाव्यात, वर रद्दी कागदाचा लगदा थापावा. थर्माकोल नको, तो महाग पडतो, त्याचा कचरा कुजत नाही आणि तुटतो तोही दगडासारखा नाही. लगद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घातली तर कसर लागत नाही. ती विषारी असल्याने शिक्षकांनीच घालावी.

दगड मात्र खरेच वापरावेत. रस्त्याकडेच्या काळ्या खडीचा फुटलेला तुकडा लहान असूनही कड्यासारखाच दिसतो, कारण दगड फुटण्याची तऱ्हा लहानमोठ्या आकारांत सारखीच असते. भूशास्त्रज्ञ कड्याचा फोटो घेताना शेजारी हातोडी ठेवतात ते यासाठीच. मातीचे तसे नाही. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण या प्रमाणात ३६ मिलिमीटरचा, म्हणजे चांगला मोठा खडा होतो. म्हणून माती धोतराच्या कापडातून वस्त्रगाळ करावी. कड्याच्या पायथ्याशी ती कोरडीच ओतावी. तिचा उतार तिचा तिलाच साधतो, साधारण तीस-पस्तीस अंशांचा. खऱ्या डोंगरपायथ्याची सुटी माती याच नियमाने थांबते. मग पातळ केलेला फेव्हिकॉल थेंबथेंब सोडायचा. नुसता सोडला तर पृष्ठताणामुळे थेंब धुळीवर गोळीसारखे बसतात आणि खड्डे पडतात. त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून पाहा. द्रावण लगेच आत शिरते. पृष्ठताण शिकवायला याहून चांगला प्रयोग आम्हांला सापडलेला नाही.

झाडांसाठी मुले हटकून चिंचेची पाने आणतात. सेंटिमीटरभराचे ते पान इथे ७२ सेंटिमीटरचे होते! त्याऐवजी तुळशीच्या वाळलेल्या काटक्या आणि त्यांवर रंगवलेला लाकडाचा भुसा चांगला. करवंदाच्या जाळीसाठी पिंजलेला काथ्या आणि चहाचा चोथा. चोथा उन्हात खडखडीत वाळवावा, नाहीतर बुरशी येते. दोर म्हणजे शिवणाचा दोरा. तो ०.३ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे आपल्या प्रमाणात दोन सेंटिमीटरचा सोल.

मावळे बारीक तांब्याच्या तारेचे करावेत, वर कागद गुंडाळावा. माणसाचे डोके उंचीच्या सातव्या-आठव्या भागाएवढे असते, म्हणजे इथे तीन मिलिमीटर. भाजलेला ज्वारीचा बारीक दाणा बरोबर बसतो. मिशा काढण्याचा मोह आवरावा. देखावा आपण ४५ सेंटिमीटरवरून पाहतो. ते खऱ्या माणसाला ३२ मीटरवरून पाहण्यासारखे आहे, आणि तेवढ्या अंतरावर एक सेंटिमीटरहून बारीक काही डोळ्याला नीट दिसत नाही. रंगांतही थोडा पांढरा मिसळावा, कारण अंतराने रंग फिके होतात.

घोरपड ठेवावी का, यावर आमच्या वर्गात दोन तास वाद झाला. ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात आहे. पण माणसाचा भार ती पेलेल का, हा प्रश्न मुलांनीच काढला. आम्ही ठेवली नाही. तुमच्या वर्गाने वेगळे ठरवले तर आमची हरकत नाही.

राहिला उजेड. ती रात्र माघ वद्य नवमीची. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर पूर्वेला उगवतो आणि आपला कडा पश्चिमेचा. म्हणजे चंद्र वर आल्यावरही बराच वेळ कडा गडाच्याच सावलीत राहणार. म्हणून निळा जिलेटीन कागद लावलेला दिवा कड्याच्या मागे ठेवावा. मावळे दिसत नाहीत अशी तक्रार प्रदर्शनात दरवेळी येते. आम्ही बाजूला एक टॉर्च ठेवतो.