समुद्रपूर तालुक्यातून समुद्राकडे

आमच्या तालुक्याचं नाव आहे समुद्रपूर. ऐकून वाटेल, इथं खिडकी उघडली की समोर लाटा! प्रत्यक्षात समोर दिसतात कपाशीच्या ओळी, आणि चौरस्त्यावर रात्रंदिवस धावणारे ट्रक. आमचं गाव जाम. वर्धा जिल्ह्यातलं. नागपूरहून येणारा मोठा रस्ता इथं दुभंगतो. एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. हैदराबादचा रस्ता सोडला नाही, तर तो शेवटी कन्याकुमारीला समुद्रालाच जाऊन टेकतो. पण नकाशावर पट्टी ठेवून बघा. जामपासून कुठल्याही दिशेला पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही!

अशा गावातल्या एका सातवीतल्या मुलीला ग्रीसच्या बेटावर जायचं होतं. ती मुलगी म्हणजे माझी पुतणी.

त्याचं झालं असं, की चौरस्त्यावरच्या एका ढाब्यात भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर डोंगराच्या कड्यावर चिकटलेली पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट आणि खाली निळंगार पाणी. खाली नाव होतं सांतोरिनी. महिना संपल्यावर ढाब्यावाल्या काकांनी ते पान फाडून हिला देऊन टाकलं. झालं! पान घरी आलं, अभ्यासाच्या टेबलावर चिकटलं, आणि रात्री जेवताना प्रश्न आला, “काका, इथं आपण काऊन नाही जाऊ शकत?”

मी म्हटलं, “कोण म्हणतं नाही जाऊ शकत? आधी कसं जायचं ते तर शोध!”

मग तिनं आणि चौथीतल्या तिच्या भावानं वही काढली. आधी पासपोर्ट. तो लहान मुलांनाही वेगळा लागतो, आणि पाच वर्षांत संपतो. मग शेंगेन व्हिसा; त्यासाठी बँकेत पैसे असल्याचे कागद दाखवावे लागतात. मग विमानानं अथेन्स. अथेन्सचं बंदर पिराएउस. तिथून बोट; जलद असली तर पाचेक तास, साधी असली तर आठ. ग्रीसकडे लहानमोठी मिळून सहा हजारांच्या आसपास बेटं आहेत, आणि माणसं राहतात ती त्यातल्या फक्त २२७ बेटांवर. हे वाचून धाकटा म्हणाला, “मंग बाकीच्या बेटांवर कोण राहते?” बकऱ्या आणि समुद्रपक्षी, दुसरं कोण!

वाचता वाचता आणखी गमती कळल्या. ती घरं पांढरी का? चुन्याचा पांढरा रंग ऊन परतवतो म्हणून. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीला चुना मारतात ना, तेच. आणि त्या निळ्या पाण्यातल्या बेटावर गोड्या पाण्याची नदीच नाही. पूर्वी पावसाचं पाणी छपरावरून उतरवून घराखालच्या टाक्यांत साठवत. आता समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करतात.

पण वहीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ वेगळीच होती. तिथं जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून ‘मेल्टेमी’ नावाचा वारा सुटतो. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, तरी वारा असा की बोटी बंदरात अडकून पडतात. माणसं पेट्या घेऊन धक्क्यावर बसून! मी ती ओळ वाचली, “वा!” म्हटलं आणि विसरून गेलो. ती विसरायला नको होती, हे पुढं कळलं.

खर्चाची बेरीज झाल्यावर माझा दादा, म्हणजे तिचे बाबा, नुसते हसले. यंदाच्या कापसात तिथली एक बोटही येत नव्हती. पोरगी हिरमुसली. तेव्हा आजी, म्हणजे माझी आई, म्हणाली, “बेट म्हणजे पाण्यातलं गावच नं बाप्पा? मंग आपल्या इकडं नाही का तसं? मले तं समुद्रच नाही पायला अजून.”

आजीचं वय तेव्हा पंच्याहत्तर. एवढ्या वर्षांत तिनं सर्वांत मोठं पाणी पाहिलं ते पुराचं. घरात एकदम शांतता पसरली. मग ठरलं. मालवणचा सिंधुदुर्ग!

हा किल्ला म्हणजे कुरटे नावाचं बेटच आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याची पायाभरणी केली. बेटाभोवती कोटाची भिंत वळणं घेत जाते. तिची लांबी सुमारे तीन किलोमीटर. आत आजही काही कुटुंबं राहतात. म्हणजे आजी म्हणाली तसं, खरंच पाण्यातलं गाव.

आता आमची चूक ऐका. चूक माझी, म्हणून मीच सांगतो.

२०२४ सालची ही गोष्ट. विदर्भात ऊन भयंकर, म्हणून आपल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्या वर्षी तर १ जुलैला. मी म्हटलं, जूनमध्ये जाऊ! मेमधली गर्दी ओसरलेली, गाड्या रिकाम्या, हवा गार. १० जूनची तिकिटं काढली. पोरांनी दिवस मोजायला सुरुवात केली. आजीनं नवं लुगडं काढून ठेवलं. मेच्या शेवटी मी मालवणच्या एका घरगुती निवासवाल्यांना खोलीसाठी फोन केला. ते आधी गप्प झाले. मग म्हणाले, “अहो, जूनात किल्ल्यात होडी जाणा नाय!”

मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळायला लागतो. मग किल्ल्याच्या प्रवासी होड्या बंद होतात, त्या थेट ऑगस्ट संपेपर्यंत. १ जूनपासून मासेमारीलाही बंदी असते. आम्ही गेलो असतो, तर धक्क्यावर छत्री धरून लांबून किल्ला बघितला असता! तिकिटं रद्द केली. थोडे पैसे कापले गेले, ते जाऊ द्या. पण आजीनं लुगडं घडी करून परत पेटीत ठेवलं, ते मला बघवलं नाही. पुतणी तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं वही माझ्यापुढं उघडून धरली. मेल्टेमीची ओळ! “काका, तिथं वारा, इथं पाऊस. तुम्ही वाचलं होतं नं?”

काय बोलणार?

पुढच्या वर्षीचा बेत मात्र तिनं आखला. मी फक्त हिशेबनीस. भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवलं आणि तीन रंगीत पेन्सिली घेतल्या. शाळा असेल ते दिवस लाल. शेतात सगळी माणसं लागतात ते दिवस हिरवे. समुद्र बंद असेल ते निळे. दिवाळीची सुट्टी? समुद्र शांत, शाळेला सुट्टी, पण तेव्हाच सोयाबीन घरात यायचं आणि कापूस फुटायचा. हिरवा रंग. नाताळात शाळेला दोन-तीन दिवस सुट्टी, आणि आमचं तर जाण्यायेण्यातच चार दिवस जातात. मेचा शेवट म्हणजे वखरणी, बी-बियाणं, मृगाची तयारी. पुन्हा हिरवा, आणि वर निळाही. बारा महिन्यांत बिनरंगाचे दिवस उरले ते एवढेच: एप्रिलअखेर परीक्षा संपल्यापासून मेच्या मध्यापर्यंत. ऐन उन्हाळा! पण दुसरा पर्यायच नव्हता.

मग ती म्हणाली, “आता उलटं मोजू.” म्हणजे घरापासून बेटापर्यंत नाही, बेटापासून घरापर्यंत. मला ही तिची युक्ती फार आवडली. होडी सकाळची धरायची, म्हणजे आदल्या दिवशी मालवणात मुक्काम हवा. मालवणला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन कुडाळ, तिथून एस.टी.नं सुमारे तीस किलोमीटर. कुडाळला सकाळी उतरायचं, तर मुंबईहून रात्री अकराच्या सुमाराची कोकणकन्या. म्हणजे तो आख्खा दिवस मुंबईत. मुंबईला सकाळी पोहोचायचं, तर आदल्या संध्याकाळी वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेस. आणि वर्ध्याची गाडी गाठायची, तर दुपारच्या उन्हात जामहून निघणं आलं. नागपूरहून मडगावला विशेष गाडीही सोडतात, ती मिळाली तर मुंबईत बदलायची कटकट वाचते. पण ती ‘विशेष’ असते, म्हणजे आहे की नाही हे आधी विचारावं!

कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधी आमच्यासारख्यांना मुंबईहून रात्रभर एस.टी.त हाडं खिळखिळी करत जावं लागे. मी कॉलेजात असताना तसा एकदा गेलोय. घाटातली वळणं अजून पोटात आहेत.

मुंबईच्या रिकाम्या दिवसावर घरात मोठं भांडण झालं. धाकट्याला घारापुरी हवं होतं. तेही बेटच, गेटवे ऑफ इंडियाहून बोटीनं तासाभरावर. तिथली लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. गंमत म्हणजे मुंबईच्या इतकं जवळ असून या बेटावर समुद्राखालून तार टाकून वीज पोहोचली ती २०१८ मध्ये! सोमवारी लेणी बंद असतात हेही पोरांनी शोधून ठेवलं होतं. पण वर चढायला शंभरावर पायऱ्या, त्याही दोन रात्रींच्या प्रवासाच्या मधोमध. आजीचे गुडघे काय म्हणतील? शेवटी घारापुरी रद्द. धाकटा रडला, त्याला चौपाटीच्या भेळेवर राजी केलं. माझं मत विचाराल, तर एका सहलीत एकच बेट असावं.

आता पैशाचं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पर्यंत एकशे वीस दिवस होते). मेची गाडी म्हणजे मार्चच्या सुरुवातीलाच रांगेत उभं राहायचं. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळी बर्थ हवी असेल तर भाडं पूर्ण, नको असेल तर अर्धं. धाकटा म्हणे, “मी आजीजवळ झोपतो, अर्धे पैसे वाचवा!” पण दोन रात्री आजीला आखडून झोपवायचं का? पूर्ण तिकीट काढलं. वयस्कर माणसांची रेल्वेची सवलत २०२० पासून बंद आहे. एस.टी.त मात्र उलटं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात प्रवास फुकट, बायकांना आणि मुलींना अर्धं तिकीट. त्यामुळे कुडाळ ते मालवण सगळ्यात स्वस्त पडली ती आजी! आधार कार्ड तेवढं जवळ हवं. वहीत शेवटचा रकाना होता ‘अडचण’. त्यात पैसेही लिहिले आणि एक जादा दिवसही. दादा म्हणाला, “जादा दिवस कशाला? शेत कोण पाहीन?” पुतणीनं नुसतं निळ्या पेन्सिलीकडे बोट दाखवलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात निघालो. रेल्वेत दशम्या, लाल चटणी, कांदा. मुंबईची भेळ झाली. पहाटे गाडीच्या खिडकीतून बोगदे आणि काजूची झाडं. मालवणच्या घरी जेवायला मासे होते, पण आजी माळकरी. खोली घेतानाच ते सांगून ठेवलं होतं, म्हणून तिच्या ताटात सोलकढी, भात आणि फणसाची भाजी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो, तर काय! होड्या दोरांना बांधलेल्या. वारा उलटा होता, होड्या सुटणार नव्हत्या. दादानं एकदा पुतणीकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही. तो दिवस आजीनं किनाऱ्यावर बसून काढला. बराच वेळ ती गप्पच होती. मग म्हणाली, “एवढं पाणी, अन् प्यायले थेंब नाही!”

जादा ठेवलेल्या दिवशी वारा पडला. होडीनं दहा-पंधरा मिनिटं लागतात. आजीनं पुतणीचा हात घट्ट धरला होता, आणि पुतणीनं माझा. किल्ल्याचा दरवाजा होडीतून दिसतच नाही. तो तटाच्या दोन वळणांत असा लपवलाय की अगदी जवळ गेल्यावर सापडतो. शत्रूनं शोधत बसावं! आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, ते राजाराम महाराजांनी बांधलं. तटावर चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे जपलेत, ते महाराजांचे मानतात. होडीवाल्यानं तासाभराची मुदत दिली होती. मुलं तटाकडे पळाली, आणि मी आजीला हळूहळू विहिरींकडे नेलं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र, आणि मधोमध तीन विहिरी गोड्या पाण्याच्या! बेटाच्या पोटात मुरलेलं पावसाचं पाणी खडक धरून ठेवतो. सांतोरिनीवाल्यांना टाकी बांधावी लागली, इथं ती खाली आयतीच.

आजी काठावर वाकली. आत बराच वेळ बघत राहिली. “आपल्या वावरातल्या विहिरीसारखीच हाय नं,” ती म्हणाली, आणि लुगड्याच्या पदरानं चेहरा पुसला.

त्या वर्षी, २०२५ मध्ये, पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन ठेपला. नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी! मेच्या शेवटाला निघालो असतो, तर पुन्हा धक्क्यावरच. आणि आम्ही परतल्यावर दोन महिन्यांनी, ११ जुलैला, सिंधुदुर्ग आणखी अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. आजी सध्या भेटेल त्याला सांगते, “आम्ही आधीच पाहून आलो.”

सांतोरिनीचं ते पान अजून टेबलावर आहे. परवा पाहिलं, तर निळ्या घुमटाखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: मे, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्ट नको. एक दिवस जादा.