अकरा जागा आणि परदेशचे पाहुणे

१९६६ सालच्या विश्वचषकात इटलीचा संघ उत्तर कोरियाकडून एका गोलाने हरला, आणि मायदेशी उतरताच लोकांनी त्याचे स्वागत टोमॅटो फेकून केले. लोकांचा राग ओसरला असेल. फुटबॉल-महासंघाचा ओसरला नाही. क्लबांनी यापुढे परदेशी खेळाडू नव्याने आणू नयेत, असा नियम झाला आणि तो १९८० पर्यंत टिकला. स्पेनने हीच दारे १९६२ साली लावून घेतली होती. ती १९७३ साली उघडली, तेव्हा कुठे क्रायफ बार्सिलोनास येऊ शकला.

गाणे शिकविणाऱ्याने या भानगडीत का पडावे, असे काही वाचकांस वाटेल. पण बाहेरचा माणूस किती घ्यावा हा प्रश्न आम्हा बडोदेकरांच्या घरचाच आहे. आमचे तीर्थरूप राजवाड्याच्या चाकरीतले गवई. पण त्या दरबाराचे वैभव उभे केले ते बहुतांशी परगावच्या माणसांनी. मौलाबक्ष उत्तरेकडून आले, फैयाझखाँ आग्र्याचे. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी आसरा दिला तो जयपूरकडच्या अल्लादियाखाँना. ‘बाहेरचा नको’ असे तेव्हा कोणी म्हटले असते तर आज आमच्या हाती काय उरले असते? म्हणून मर्यादेची गोष्ट निघाली की माझे मन आधी विरुद्ध बाजूसच जाते.

परंतु हे पाहुणे येथे येऊन काय करीत, तेही पाहिले पाहिजे. मौलाबक्षांच्या हातून १८८६ साली येथे गायनशाळा निघाली. फैयाझखाँसाहेबांपाशी श्रीकृष्ण रातंजनकर शिकले, आणि तेही बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर. अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीतून केसरबाई आणि मोगूबाई या गोव्याच्या दोन गायिका तयार झाल्या. शिवाय मैफलीची रचनाच अशी, की उस्तादामागे तंबोऱ्यावर शिष्य बसलेला असतो. उस्ताद श्वास घेण्यास थांबले की दोन आवर्तने त्याच्या वाट्यास येतात. भरल्या सभेत, पक्क्या तबल्यासमोर. तेवढ्यावर गळा घडतो.

फुटबॉलात ही सोय नाही. तेथे जागा मोजून अकरा. पाहुणा ज्या जागी उभा राहिला, तेथला घरचा मुलगा बाकावर बसतो, आणि बाकावर बसून कोणाची तालीम होत नाही. या खेळात मर्यादेला अर्थ आहे तो या हिशेबामुळे. देशाभिमानाची भाषणे त्यासाठी लागत नाहीत.

आपल्याकडचेच पाहा. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा मैदानावर एका संघाचे सहा परदेशी खेळाडू चालत. आपले पाच पुरे होते. २०१७-१८ पासून परदेशी पाचांवर आले, २०२१-२२ पासून चारांवर. म्हणजे कागदावर सात जागा आपल्या झाल्या. पण कोणत्या सात? मालक पैसा ओततो तो गोल करणाऱ्यावर. परिणाम असा, की २०१४ पासून २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत सर्वांत अधिक गोल करणारा प्रत्येक वेळी परदेशीच निघाला. गोव्याच्या संघाकडून कोरोमिनासने लागोपाठ दोनदा हा मान घेतला. १९९६-९७ साली राष्ट्रीय लीगचा पहिला हंगाम झाला तेव्हा तो मान जेसीटीच्या भाईचुंग भूतियाकडे होता. आणि सुनील छेत्रीने जून २०२४ मध्ये देशाच्या संघाचा निरोप घेतल्यावर मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याला पुन्हा बोलावून आणावे लागले! नियम डोकी मोजतो, जागा मोजीत नाही. मला तर सारे दुखणे येथेच दिसते.

दुसरी बाजू खोटी नाही. इटलीच्या देशी संघाने १९७० साली विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली, १९८२ साली चषक जिंकला. (१९६८ चे युरोपीय अजिंक्यपद बंदीच्या खाती घालण्याची घाई मात्र नको, दोन वर्षांत आंबा मोहरत नाही.) पण त्यांचे क्लब मागे पडले. १९६९ साली मिलानने युरोपियन चषक जिंकला, त्यानंतर तो इटलीत आला थेट १९८५ साली, युव्हेन्टसकडे. १९९४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला परदेशी खेळाडूंच्या मर्यादेपायी आपला डॅनिश गोलरक्षक श्मायकेल बाहेर ठेवावा लागला आणि बार्सिलोनात चार गोल खावे लागले. पुढच्याच वर्षी बॉसमन खटल्याच्या निकालाने युरोपीय संघातील देशांच्या खेळाडूंपुरती ही मर्यादा मोडली. आशियाई महासंघानेही २०२४-२५ पासून आपल्या प्रमुख क्लबस्पर्धांत परदेशी कितीही चालतील असे ठरविले. आता आपल्या क्लबांना तेथे उतरायचे, तर घरी चारांची सवय आणि समोर अकराही परके, असा सामना.

तरीही चारांची मर्यादा राहावी, असे माझे मत आहे. आणि खालच्या लीगांत, जेथे सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा गोलासमोर उभा राहतो, तेथे ती अधिक कडक असावी. वरच्या लीगमध्ये पाहुण्यांनी खुशाल यावे, पण फैयाझखाँ आले तसे.

कलकत्त्यात असे घडले आहे. मोहन बागानने परदेशी खेळाडू न घेण्याची आपली जुनी रीत मोडली ती १९९१ साली, नायजेरियाच्या चिमा ओकोरीसाठी. त्याआधीच, १९८० साली, ईस्ट बंगालकडे मजीद बिस्कर आणि जमशीद नासिरी हे दोन इराणी आले होते. जमशीद त्या शहरातच राहिले. त्यांचा मुलगा कियान याने जानेवारी २०२२ मध्ये मोहन बागानकडून खेळताना वडिलांच्याच जुन्या क्लबावर तीन गोल केले, आणि ते तिन्ही भारतीय खेळाडूचे म्हणून नोंदले गेले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरविले आणि २०२७ च्या आशियाई चषकाची आपली वाट बंद झाली. सिंगापूरचे दोन्ही गोल साँग उई-यंगचे. तो जन्माने दक्षिण कोरियाचा. किशोरवयात सिंगापुरात खेळ शिकण्यास आला, तेथेच घडला आणि २०२१ साली तेथलाच नागरिक झाला.