कर्मचाऱ्यांमधील नेतृत्वगुण : ताळेबंदात न दिसणारी गुंतवणूक



रुग्णालयासाठी नवे यंत्र घेतले की त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते व ताळेबंदात ते मालमत्ता म्हणून दिसते. प्रशिक्षणावरील रक्कम मात्र उत्पन्न-खर्च पत्रकात खर्ची पडते आणि वर्षअखेर तिचा मागमूसही उरत नाही. साहजिकच, परिचारिका व तंत्रज्ञ यांना नेतृत्वाचे धडे कशासाठी, अशी पृच्छा होते. तिचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

रुग्णाच्या प्रकृतीतील बदल बहुधा सर्वप्रथम लक्षात येतो तो त्याच्या खाटेजवळच्या परिचारिकेच्या. तिने तो वेळेवर सांगणे आणि वरिष्ठांनी तो ऐकून घेणे, या दोहोंवर पुढचे उपचार अवलंबून असतात. आमच्या मते रुग्णालयातील नेतृत्वाची खरी कसोटी येथेच लागते.

हा धडा विमान वाहतुकीने फार मोठी किंमत मोजून घेतला. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ जणांचा बळी गेला. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने व्यक्त केली होती. परंतु अनुभवी कप्तानाने ती मानली नाही. पुढे कनिष्ठांनी शंका स्पष्टपणे मांडावी व वरिष्ठांनी तिची दखल घ्यावी, याचे रीतसर प्रशिक्षण वैमानिकांना दिले जाऊ लागले.

हाच विचार शस्त्रक्रियागृहातही आला. मराठी कुटुंबातील अमेरिकी शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची तपासणी यादी तयार केली. छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, हा त्यातील एक मुद्दा. एकदा नावानिशी बोललेली व्यक्ती पुढे शंका विचारण्यास कचरत नाही, हे त्यामागील सूत्र. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरल्यानंतर शस्त्रक्रियोत्तर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट, कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या २०१४ च्या पाहणीत मृत्यूदरात लक्षणीय घट आढळली नाही. यादी छापणे सोपे असते. ती मनापासून राबविणारी माणसे घडवावी लागतात, असाच बोध आम्ही यातून घेतो.

म्हणूनच आमच्या प्रशिक्षणात तीन सवयींवर भर असतो. पहिली, रुग्णाची स्थिती, पूर्वेतिहास, स्वतःचे अनुमान आणि अपेक्षित कृती या क्रमाने थोडक्यात सांगणे. दुसरी, तोंडी किंवा दूरध्वनीवरून मिळालेली सूचना पुन्हा उच्चारून खात्री करून घेणे. तिसरी वरिष्ठांसाठी : शंका घेणाऱ्याला, ती अनाठायी ठरली तरी, न रागावणे. तिसरी सवय अंगी बाणण्यास सर्वाधिक काळ लागतो. कारण एकदा झिडकारलेला कर्मचारी पुढच्या वेळी गप्प राहण्याचा संभव असतो.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही आमची विनंती आहे की, औषध वा तपासणीविषयी शंका आल्यास आपण निःसंकोच विचारावे. आणि देणगीदारांस नम्र निवेदन असे की, आपल्या दानातील जो वाटा प्रशिक्षणाकडे वळतो त्याची पाटी कोठेही लागणार नाही. मात्र मध्यरात्री एखादी नवखी परिचारिका न कचरता डॉक्टरांना बोलावून घेईल, तेव्हा ते दान सत्कारणी लागलेले असेल.